बाहेर बसायचे चार दिवस

बावन्नाव्या वर्षीसुद्धा मी महिन्याचे चार दिवस बाहेर बसत होते, कारण पाळी कधी थांबते हे मला ठाऊकच नव्हतं. जी कधी आलीच नाही ती जाणार कधी, हे विचारायचं तरी कुणाला?

आमच्या घरी ही पद्धत कडक होती. चार दिवस चुलीला शिवायचं नाही, माठाला नाही, देवाला तर नाहीच. पडवीच्या कोपऱ्यात पोतं टाकून बसायचं, ताट-तांब्या वेगळा, आणि सासूबाई वरून टाकतील ती भाकरी खायची. गावात बऱ्याच घरांनी हे आता सोडून दिलंय. सुना शिकलेल्या आहेत, कुणी तालुक्याला, पालमला नोकरीला जातं, त्यांना चार दिवस कोपऱ्यात बसायला वेळ कुठला? मी मात्र सोडलं नाही. त्यामुळे गावात माझं नाव झालं. काकूसारखं पाळणारी बाई न्हाई, असं म्हणायचे. मी ऐकून मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, लाजते. चोराच्या मनात चांदणं असतं ते त्यांना कुठं दिसणार!

सतरा वर्षांची होते तेव्हा आईनं मला परभणीच्या दवाखान्यात नेलं. बरोबरीच्या मुलींना कधीच सुरू झालं होतं, दोघींची तर लग्नं होऊन गेली होती. डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं, ते कुठंतरी पुण्या-मुंबईकडे पाठवलं. महिन्याभरानं कागद आला. डॉक्टरांनी आईला आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. आई बाहेर आली ती तोंडात पदर कोंबूनच. घरी आल्यावर तिनं तो कागद चुलीत घातला आणि फुंकणीनं जाळ मोठा केला.

“तुला पिशवीच न्हाई म्हणलाय डाक्टर,” ती म्हणाली. “बाकी समदं बाईचंच हाय. कुणापशी बोलू नको. मेल्यावर बी बोलू नको.”

कागद इंग्रजीत होता. मला वाचता आला नसता आणि आईला तर मराठीही वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी तिला किती सांगितलं आणि त्यातलं तिनं मला किती सांगितलं, हे आता कळायला मार्ग नाही. आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

लग्नाआधी तिनं मला पाळी शिकवली. दुसऱ्या मुलींना स्वयंपाक शिकवतात तशी. अमावास्येनंतरचा तिसरा दिवस धरायचा. सकाळी उठल्या उठल्या “शिवू नका” म्हणायचं. कंबर धरून चालायचं, पण जास्त नाही. जुन्या लुगड्याचे तुकडे भिजवायचे, पिळायचे आणि न्हाणीमागं दुसऱ्या साडीखाली वाळत घालायचे. मी सगळं पाठ केलं. एकच गोष्ट आई सांगायची विसरली, की हे एक दिवस बंद करायचं असतं. कदाचित तिला वाटलं असेल, तोवर आपण असूच.

नवऱ्याला मी तिसऱ्या वर्षी सांगितलं. तोपर्यंत सासूबाईंनी मला देवस्थानं करायला लावली होती आणि माझ्याच्यानं आता देवाशी आणखी खोटं बोलवत नव्हतं. तो उठला, गोठ्यात गेला, बैलांना वैरण टाकली, परत आला आणि म्हणाला, “हे तुला आन् मला. तिसऱ्याला न्हाई.” त्यानं दुसरं लग्न केलं नाही. स्वतःच्या आईला म्हणाला, माझ्यातच खोट हाय. त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं नांदले. पण आईला खरं कळू द्यायचं नाही, एवढं त्यानं बजावलं होतं. म्हणून दर अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी माझं पोतं पडवीत पडायचंच.

शेजारणीनं माझा सगळा घोळ उघडा पाडायचाच काय तो बाकी ठेवला होता. एकदा पाण्याच्या टाकीवर, चार बायकांत, ती हसत म्हणाली, “काकू, तुमचं आजून चालूच हाय व्हय? माझं तर पंचेचाळिसाव्यालाच गेलं. आन् तुमचं तर पंचांगावानी हाय गं माय, एक दिस इकडचा तिकडं न्हाई.” सगळ्या हसल्या. मीही हसले. घागर डोक्यावर घेताना अर्धं पाणी पाठीवरून गेलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा फोनला विचारलं. टाइप करायला धीर होईना, कारण टाइप केलेलं कुणीतरी वाचेल असं वाटायचं. शेवटी शेतात, तुरीत बसून, फोन तोंडाजवळ धरून बोलले: बाईची पाळी कितव्या वर्षी जाते. फोननं उत्तर दिलं. पण मी एक विचारलं आणि तो आठवडाभर दहा दाखवत राहिला. बाई म्हणजे कोण, यावर मोठमोठ्या शहरांतली माणसं हमरीतुमरीवर आलेली. कुणी म्हणे, जी स्वतःला बाई मानते ती बाई. कुणी म्हणे, जिला गर्भाशय आहे ती. एक चष्मेवाला टेबलावर हात आपटून सांगत होता, मनाचं काही सांगू नका, रक्त तपासा, रक्तात खूण असते. खाली हजारो लोकांनी शिव्या घातलेल्या, दोन्ही बाजूंनी.

मला वाटलं, भांडोत बापडे, आपलं काय जातंय? मग फोनवर एक डॉक्टरीण आली. ती शांतपणे सांगत होती की काही बायका दिसायला, वाढायला पूर्ण बाईच असतात, त्यांना पाळी येत नाही, गर्भाशय नसतं, आणि त्यांच्या रक्तातली खूण मात्र पुरुषाची असते. त्या बायकाच असतात, असंही ती म्हणाली. पण ते मी नंतर ऐकलं. आधीच्या वाक्यालाच माझे कान बंद झाले होते. मला चुलीतला कागद दिसत होता. पिशवी नाही, एवढंच सांगायला डॉक्टर रक्त कशाला पाठवतील? आणि एवढंच असतं तर आईनं तो कागद जाळला असता का?

मी फोन बंद केला आणि तुरीत बसून राहिले. माझ्या हातांकडं बघितलं. बांगड्या होत्या, पायात जोडवी होती, गळ्यात मंगळसूत्र होतं. बावन्न वर्षं ज्या अंगात राहिले त्या अंगाची मला भीती वाटायला लागली. परभणीला जाऊन पुन्हा रक्त देता आलं असतं. तो विचार मनात आला की मी उठून कुठल्यातरी कामाला लागायची.

आता शिंपिणीबद्दल सांगते. फाट्यावर, चहाच्या हॉटेलाला लागून, तिचं दुकान होतं. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यातून आली. जन्माला मुलगा म्हणून आलेली, पण साडी नेसायची, केस वाढवलेले, आवाज जरा जाड. तिच्यामागं लोक तिला काय काय म्हणायचे ते मी इथं लिहीत नाही. तोंडावर मात्र सगळ्या बायका तिला ताई म्हणायच्या, कारण तिच्यासारखं ब्लाउज पालममध्येही कुणी शिवत नव्हतं. माझा उजवा खांदा पाण्याच्या घागरींनी खाली आलाय. आजवर एका शिंप्याच्या ते ध्यानात आलं नव्हतं, ब्लाउज कायम एका बाजूनं घसरायचं. तिनं पहिल्याच मापाला बघितलं, बोलली काही नाही, आणि ब्लाउज आलं ते दोन्ही खांद्यांवर सारखं बसणारं. मी विचारलं, कसं केलंस? तर म्हणाली, “सोडा काकू, समद्यांचंच काय ना काय वाकडं असतंय.”

गेल्या संक्रांतीच्या आधी तिनं शाळेवरच्या बाईंना विचारलं, की देवळातल्या हळदी-कुंकवाला मी आले तर चालेल का? एवढंच. गावातल्या सगळ्यांची सणाची ब्लाउजं तीच शिवत होती. शाळेवरच्या बाईंनी आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: ताईंना बोलवूया का?

मी तीळ निवडत बसले होते. फोन वाजायला लागला तो थांबेचना. एकीनं लिहिलं, ती काय सवाशीण हाय का? दुसरीनं लिहिलं, कुमारिका म्हणून कुंकू लावू. तिसरीनं एक व्हिडिओ टाकला, आणि तो तोच होता, टेबलावर हात आपटणाऱ्याचा. जो माणूस मी तुरीत लपून बघितला होता तो आता माझ्या गल्लीत आला होता. मग शेजारणीनं लिहिलं, “जिला पाळी येती आन् जिची कूस उजवती ती बाई. बाकी समदी सोंगं.”

शाळेवरच्या बाई शिकलेल्या, त्यांनी लगेच विचारलं, “मग ज्यांना मूलबाळ नाही त्या कोण?”

त्यानंतर ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. सगळ्यांना माहीत होतं की आमच्या मंडळात मूलबाळ नसलेली मी एकटीच. माझ्या मांडीवरचं तिळाचं सूप कलंडलं. मी तीळ गोळा करायला वाकले, पण नजर फोनवर होती. शेजारीण लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती.

“काकूचं येगळं. त्यांच्या मालकातच खोट हाय. काकूचं बाईपण चोख, आजून बसत्यात. काकू, तुमी जाणत्या हाव. तुमीच सांगा.”

मी काय करायला हवं होतं हे तेव्हाही मला माहीत होतं. कळत नव्हतं असं म्हणून मी सुटणार नाही. ‘येऊ द्या तिला’, हे तीन शब्द लिहायचे होते. पण वाटलं, मी तिची बाजू घेतली तर म्हणतील, काकूला हिचा एवढा पुळका का? मग कुणीतरी मोजेल. बावन्न वर्षं, पंचांगावानी पाळी, पोर नाही. एकदा मोजायला बसले की किती वेळ लागतो? मी लिहिलं, “बरोबर आहे. आपल्या रीतीत हे बसत नाही.” खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. पटापट अंगठे आले. विषय संपला.

विषय माझ्यापुरता संपला. ग्रुपवरच्या कुणीतरी माझ्या वाक्याचा फोटो काढून घरातल्या माणसांना पाठवला. दोनच दिवसांनी गावातले दोघे फाट्यावर गेले आणि तिच्या दुकानासमोर फोन धरून उभे राहिले. बाई हायस तर सांग, पाळी येती का तुला? ती मशिनीवर मान खाली घालून बसलेली. शेवटी तिनं हातातलं कापड तोंडावर धरलं. ते हसत होते. तो व्हिडिओ फेसबुकवर आला आणि त्याच्यावर माझं वाक्य चिकटवलेलं होतं, हात जोडल्यासकट. वर लिहिलेलं, आमच्या गावच्या जाणत्या बायांनीच निकाल दिलाय.

खालचं एकेक मी वाचत गेले. एकानं लिहिलं होतं, आता गावातल्या सगळ्याच बायांची तपासणी करा, अजून किती निघतील सांगता येत नाही. त्यापुढं त्यानं हसणारी तोंडं टाकली होती. त्याला गंमत वाटली असेल. मला त्या दिवसापासून दारावर कुणी आलं की आधी फटीतून बघायची सवय लागली.

माझं ब्लाउज तिच्याकडेच होतं. आठवडाभर मी टाळलं. मग भर दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना, फाट्यावर गेले. शटर खाली होतं. हॉटेलवाल्यानं गल्ल्यामागून वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं काढून दिलं. “काकूला द्या म्हणली. गेली परभणीला. टेशनच्या तिकडं कुणाच्या तरी दुकानात शिवायलीय म्हणं.” घरी येऊन ब्लाउज घालून बघितलं. दोन्ही खांद्यांवर सारखं बसलं. मी ते काढून ट्रंकेच्या तळाला टाकलं, आणि संक्रांतीला देवळात जुनंच घालून गेले.

पुढच्या अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले. थांबायचं कसं हे अजून उमगलं नव्हतं आणि आता तर थांबायचीही भीती होती. शेजारणीच्या लेखी माझं बाईपण त्याच पोत्यावर उभं होतं. दुपारी सासूबाई भाकरी घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढं वय, काठी टेकत चालतात. नेहमीसारखी भाकरी वरून टाकतील म्हणून मी ताट पुढं केलं. त्यांनी भाकरी हातात दिली आणि माझ्या पोत्यावर, मला खेटून बसल्या. मी दचकून मागं सरकले.

“शिवू नका, आत्याबाई!”

“काय व्हतंय शिवल्यानं? आता उठ. लय वर्सं बसलीस.”

मी काहीतरी पुटपुटले, अजून गेली नाही वगैरे. त्यांनी काठी आडवी ठेवली. “तेहतीस वर्सं झाली, तुझ्या एकाबी कापडाला डाग बगितला न्हाई मी. न्हाणीमागं मी जात न्हवते व्हय? मी काय आंधळी हाय?”

घास हातातच राहिला. सगळ्या जगात मी ज्या एका माणसाला सगळ्यात जास्त भ्यायले, त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. शेवटी एवढंच विचारलं, “मग बोलल्या का न्हाईत?”

“काय बोलायचं? आलीस तवा वाळक्या काडीवानी होतीस. चार दिस तरी तुझी पाठ टेकायची. मला माझ्या सासूनं तेवढंबी बसू दिलं न्हवतं. चार दिस शेतात धाडायची.” मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “पण बायांम्होरं बोलू नको. खातील तुला.”

मी रडले. सुटकेचं रडू होतं, असं मला आधी वाटलं. पण त्यात दुसरंही होतं. या म्हातारीनं बघून न बघितल्यासारखं केलं आणि मला सांभाळलं. शिंपिणीनंही माझा खांदा तसाच सांभाळला होता. आणि माझी पाळी आली तेव्हा मी काय केलं?

दुसऱ्याच दिवशी पालमहून बस धरली आणि परभणीला गेले. स्टेशनच्या बाजूला तीन दुकानं विचारल्यावर ती सापडली. एका मोठ्या कापडदुकानाच्या मागच्या खोलीत तीन मशिनी होत्या, त्यातल्या भिंतीकडच्या मशिनीवर ती होती. केस कापलेले. अंगात पुरुषाचा शर्ट. मला ओळखू यायला वेळ लागला. तिला माझी ओळख लगेच पटली. ती उठली नाही.

“बसा काकू. ब्लाउज बसलं का?”

“बसलं.” मी स्टुलावर टेकले. बाकीच्या दोन मशिनी रिकाम्या होत्या, कारागीर जेवायला गेले असावेत. मी दाराकडं बघितलं आणि ज्याचा उच्चार आयुष्यात दोनदाच केला होता, एकदा आईपुढं आणि एकदा नवऱ्यापुढं, ते बोलून टाकलं. मला कधीच आली नाही. पिशवी नाही. रक्तात काय आहे तेही ठाऊक नाही. मी भ्याले म्हणून तसं लिहिलं.

मला वाटलं ती शिव्या देईल, आणि खरं सांगते, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं सुईत दोरा ओवला, दातानं तोडला.

“काकू, हे मला सांगून काय फायदा? बाई कोण असती ते मला म्हाईत हाय. तुमी हे ग्रुपवर लिवा.”

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“तुमी तवा भेल्या म्हणून लिवलं. मग आता भ्या गेलं का?”

“न्हाई.”

“माझंबी न्हाई गेलं,” ती म्हणाली आणि शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून मला दाखवली. मग मशीन सुरू केली. मी आणखी थोडा वेळ बसले. कारागीर परत आले तेव्हा मी उठले.

परतीच्या बसमध्येच मी लिहिलं. ‘मागच्या संक्रांतीला मी लिहिलं ते चूक होतं. मला स्वतःला कधीच पाळी आलेली नाही. तरी मी तुमच्यात कुंकू लावून घेत आले. ताईंना बोलवा.’ एवढंच. लिहिलं, पण पाठवलं नाही. तेव्हापासून ते तसंच आहे. ग्रुपच्या नावाखाली फोन ‘मसुदा’ असं दाखवतो, आणि कुणी माझा फोन हातात घेतला की माझा जीव खालीवर होतो. मी आता बाहेर बसत नाही. गावाला सांगितलं, गेली. शेजारीण म्हणाली, सुटलात काकू.

पुन्हा संक्रांत जवळ आलीय. आज सकाळी शाळेवरच्या बाईंनी ग्रुपवर विचारलं, यंदा कुणाकुणाला बोलवायचं? शेजारणीनं लगेच खाली लिहिलं, “काकू सांगतील तसं.” मी मसुदा उघडला. बोट बटणापर्यंत गेलं आणि परत आलं. दुपार झाली. तीळ सुपात तसेच आहेत, आणि ग्रुपवर सगळ्या माझ्या उत्तराची वाट बघायल्यात.